विकत घेतलं, पण आपलं झालं का?

आज सुरुवातीलाच एक अगदी सोपा प्रश्न विचारते. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात, वीस रुपये दिले आणि पेन घेतलं. तर पेन कोणाचं? हसू नका! "आमचंच की बाई," असंच म्हणाल ना? बरं. मग ते पेन मैत्रिणीला द्यायचं झालं तर दुकानदाराची परवानगी काढावी लागेल का? मुळीच नाही. धाकट्या भावाने टोपण चावून चावून चपटं केलं, तरी दुकानदार रागावायला येणार नाही. आणि उद्या त्याचं दुकान बंद पडलं म्हणून तुमचं पेन लिहायचं थांबेल का? छे!

आता दुसरा प्रश्न. दादाने संगणकावर एक गेम घेतला. ताईने मोबाइलवर ई-पुस्तक घेतलं. बाबांनी एक सिनेमा घेतला. सगळ्यांनी पैसे दिले. पडद्यावर 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण होतं, तेच दाबलं. तर मग तो गेम, ते पुस्तक, तो सिनेमा कोणाचा?

इथेही "आमचाच!" असं तोंडावर येतं. पण जरा थांबा. आधी एक खरी घडलेली गोष्ट ऐका.

दप्तरातून पुस्तक गेलं!

गोष्ट २००९ सालची, अमेरिकेतली. ॲमेझॉन कंपनीचं किंडल नावाचं एक यंत्र आहे. दिसायला आपल्या पाटीसारखं, पण पाटीपेक्षा हलकं, आणि एकाच यंत्रात शेकडो पुस्तकं मावतात. त्या वेळी ते नवीनच निघालं होतं. मिशिगन राज्यातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाकडे असं किंडल होतं. सुट्टीच्या अभ्यासासाठी त्याने त्यावर जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची '१९८४' ही कादंबरी विकत घेतली होती. वाचता वाचता तो शहाण्या मुलासारखी टिपणंही काढत होता. अमुक परिच्छेद महत्त्वाचा, तमुक वाक्याचा अर्थ असा, वगैरे वगैरे.

जुलै महिन्यात एक दिवस बघतो तो काय, पुस्तक गायब! टिपणं तेवढी शिल्लक होती. पण 'वरचा परिच्छेद महत्त्वाचा' असं लिहिलेल्या टिपणाच्या वर परिच्छेदच नसेल, तर त्या टिपणाचं करायचं काय? लोणचं?

झालं होतं असं. एका कंपनीने ऑर्वेलची पुस्तकं ॲमेझॉनच्या दुकानात विकायला ठेवली होती. पण अमेरिकेत ती विकायचा हक्क त्या कंपनीकडे नव्हता. ॲमेझॉनच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ती दुकानातून काढून टाकली. इथवर ठीकच आहे. पण ज्यांनी आधीच पैसे देऊन घेतली होती, त्यांच्या यंत्रांतूनही ती दूर बसल्या बसल्या पुसून टाकली आणि पैसे परत केले.

डोळ्यांसमोर आणून बघा हं. तुमचा पुस्तकवाला रात्री गुपचूप घरात शिरतो, दप्तर उघडतो, कालच घेतलेलं पुस्तक काढून घेतो आणि टेबलावर पैसे ठेवून निघून जातो. पैसे तर परत मिळाले! पण तुम्हाला चालेल का? तुमची आई त्याला उंबऱ्याच्या आत तरी येऊ देईल का?

यातली आणखी गंमत अशी, की '१९८४' ही कादंबरीच मुळी पुसून टाकण्याविषयी आहे. तिच्यातलं सरकार जुनी वर्तमानपत्रं बदलून टाकतं आणि नको असलेले कागद भिंतीतल्या एका भोकात टाकून जाळून टाकतं. पुसायला कंपनीला नेमकं हेच पुस्तक सापडावं!

पुढे ॲमेझॉनच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. तो विद्यार्थी कोर्टात गेला होता. कंपनीने दीड लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं आणि पुन्हा सहसा असं करणार नाही, अशी हमी दिली. पण मला विचाराल तर माफीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कंपनीला ते करता आलं! कागदाचं पुस्तक विकणाऱ्याच्या मनात कितीही आलं, तरी हजारो घरांतली पुस्तकं एका दिवसात काढून घेणं त्याच्या हातात नसतं.

दहा वर्षांनी, २०१९ साली, मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. त्याबरोबर लोकांनी घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. सर्वांना पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणं काढली होती त्यांना वर पंचवीस डॉलर. त्यात कोणाची अभ्यासाची टिपणं असतील, कोणी आवडत्या ओळीखाली खूण केली असेल. सगळ्यांचा भाव एकच, पंचवीस डॉलर!

तासावरची सायकल

हे असं का होतं? तर पडद्यावर 'विकत घ्या' लिहिलेलं असलं, तरी बहुतेक वेळा आपण वस्तू विकत घेतच नसतो. आपण घेतो ती वस्तू वापरायची परवानगी. बटण दाबण्याआधी बारीक अक्षरांतलं एक लांबच लांब पान येतं ना? ते न वाचताच आपण 'मान्य' म्हणतो. (मोठी माणसंसुद्धा तेच करतात, बाईसुद्धा!) त्या पानावर बहुधा हे लिहिलेलं असतं. ही परवानगी फक्त तुम्हाला, दुसऱ्याला देता येणार नाही, आणि काही कारणाने आम्ही ती काढून घेऊ शकतो.

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी तासावर सायकल मिळायची. पैसे द्यायचे, तासभर गल्लीत हुंदडायचं, वेळ संपली की सायकल परत. यात वाईट काहीच नव्हतं. वाचनालयाचं पुस्तकही परतच करायचं असतं, सिनेमाचं तिकीट काढलं म्हणून खुर्ची कोणी घरी नेत नाही. भाड्याने घेणं हा चांगलाच व्यवहार आहे. फक्त भाड्याच्या दुकानावर 'सायकली विकत मिळतील' अशी पाटी लावली, तर ती लबाडी होईल की नाही?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याला हे पटलं. तिथे १ जानेवारी २०२५ पासून एक नवा कायदा लागू झाला. डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असं लिहायचं असेल, तर ही फक्त वापरायची परवानगी आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला मात्र ही अट नाही. कायदा छोटासाच आहे. त्याने कोणाचा गेम वाचत नाही. पाटी तेवढी खरी होते. पण सुरुवात पाटीपासूनच होते ना!

एक डॉलरचं पुस्तक आणि टायटॅनिक

तुम्ही म्हणाल, कागदाचं पुस्तक तरी आपलं असतं हे ठरवलं कोणी? ठरवावं लागलं बरं का! त्यावरही भांडण झालं होतं.

१९०४ साली अमेरिकेतल्या बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने 'द कास्टअवे' ही कादंबरी छापली. आतल्या पानावर एक सूचनाही छापली, की या पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे, कोणाही दुकानदाराला ते कमी किमतीत विकायची परवानगी नाही. न्यूयॉर्कमध्ये मेसीज नावाचं भलंमोठं दुकान होतं. त्यांनी ते खुशाल ८९ सेंटला विकायला ठेवलं. प्रकाशक चिडला आणि कोर्टात गेला. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९०८ साली निकाल लागला. न्यायालय म्हणालं, पुस्तकाच्या नव्या प्रती छापायचा हक्क तुमचा. पण छापलेली प्रत तुम्ही एकदा विकलीत, की त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. पुढे ती कोणी कितीला विकायची, हे तुम्ही सांगू शकत नाही.

जाता जाता एक सांगते. मेसीज दुकानाच्या दोन मालकांपैकी एकाचं नाव इसिडोर स्ट्रॉस. या निकालानंतर चारच वर्षांनी, एप्रिल १९१२ मध्ये, ते आपल्या पत्नीसह टायटॅनिक जहाजावर होते. पत्नीला जीवरक्षक होडीत जागा मिळत होती, पण त्यांना सोडून ती गेली नाही. दोघंही बुडाले. 'टायटॅनिक' सिनेमात पलंगावर एकमेकांना धरून राहिलेलं म्हातारं जोडपं दिसतं ना? ते त्यांच्यावरूनच घेतलेलं आहे.

असो. आपल्या देशातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हीच गोष्ट लिहिलेली आहे. पुस्तकाची जी प्रत एकदा विकली गेली, ती 'आधीच चलनात आलेली' समजायची. म्हणजे जशी नोट या हातातून त्या हातात फिरते, तसं पुस्तक फिरलं तर लेखक-प्रकाशकाला पुन्हा विचारायला नको.

या एका नियमावर केवढं जग उभं आहे बघा! पुण्यात अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात जाऊन उभे राहा. अकरावी-बारावीची वापरलेली पुस्तकं घ्यायला ही गर्दी! मुंबईला हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं रचून ठेवलेली असतात. शेजारच्या ताईची गाईडं तुम्हाला मिळतात, तुमची पुढे आतेभावाला जातात. रद्दीवालासुद्धा यातच आला. ज्या घरात एका पुस्तकाचे पैसे काढताना दुसरा कुठला तरी खर्च मागे सारावा लागतो, त्या घराला हा नियम फार मोलाचा आहे. वर्गात तीस वह्यांमागे तीस घरं असतात, म्हणून मला हे ठाऊक आहे.

आणि वाचनालय! वाचनालयवाले कोणालाही न विचारता पुस्तक तुम्हाला घरी देतात, ते याच नियमामुळे. आमच्या वर्गात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात साठ-सत्तर गोष्टींची पुस्तकं. काहींचा पुठ्ठा मुलांनीच खळ लावून पुन्हा चिकटवलाय. एका पुस्तकाच्या मागच्या पानावर वाचणाऱ्यांनी नावं लिहिलीत. मोजली तर एकतीस भरली.

एकतीस हा आकडा मुद्दाम सांगितला. २०११ साली हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने वाचनालयांसाठी नियम काढला होता, की आमचं ई-पुस्तक सव्वीस वेळा वाचायला दिलं की ते बंद होईल, पुढे हवं असेल तर नव्याने पैसे भरा. कागदाची पुस्तकंही झिजतातच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आमच्या पेटीतलं ते पुस्तक ई-पुस्तक असतं, तर सत्ताविसाव्या मुलाला मिळालंच नसतं!

जुनं न होणारं गाणं

मग डिजिटल वस्तूलाही तोच नियम लावून टाकावा, नाही का? एका कंपनीने हा प्रयत्न करून पाहिला. तिचं नाव रीडिजी. २०११ साली तिने जुन्या डिजिटल गाण्यांचा बाजार काढला. तुम्ही विकत घेतलेलं गाणं कंटाळा आल्यावर दुसऱ्याला विका, तुमच्या संगणकावरून ते काढून टाकायची व्यवस्था आम्ही करू. कल्पना नामी होती. पण गाण्यांच्या कंपनीने दावा लावला आणि २०१३ साली रीडिजी हरली. २०१८ साली अपिलातही हरली.

का हरली? इथे जरा डोकं लावा. मी तुम्हाला पुस्तक दिलं, तर पुस्तक माझ्याकडून जातं. पण मोबाइलवरून फोटो 'पाठवला' तर? फोटो माझ्याकडेही राहतो आणि तुमच्याकडेही येतो. खरं म्हणजे काही जातच नाही. तुमच्या मोबाइलमध्ये एक नवी प्रत तयार होते. गाण्याचंही तसंच. आणि नवी प्रत काढायचा हक्क कोणाचा? १९०८ सालच्या निकालातच तो प्रकाशकाकडे ठेवलेला!

शिवाय जुनं पुस्तक जुनं दिसतं. पानं पिवळी पडतात, कोणीतरी मिशा काढून ठेवलेल्या असतात. म्हणून ते निम्म्या किमतीत मिळतं आणि नव्या पुस्तकाला गिऱ्हाईक उरतं. डिजिटल गाणं मात्र हजार वेळा विकलं तरी नव्यासारखंच वाजतं. मग नवं कोण घेईल? गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं घर कशावर चालेल? तेव्हा न्यायाधीशांना उगाच नावं ठेवू नका. कोडं खरंच अवघड आहे. तरीसुद्धा मला वाटतं, या अवघड कोड्याचा सगळा भार गिऱ्हाइकावरच टाकलेला आहे. पैसे पूर्ण वस्तूचे घ्यायचे आणि द्यायची परवानगी, हे काही बरोबर नाही.

चकती हातात, गेम गायब

"म्हणूनच मी डिस्कवरचे गेम घेतो," असं कोणीतरी म्हणणार, मला माहीत आहे. डिस्क हातात असते, मित्राला देता येते. खरं आहे. पण पुढचं ऐका.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा गेम २०१४ साली आला. खेळताना तो सारखा इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, बोलत असे. एकट्याने खेळायचं असलं तरीसुद्धा! ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने तो सर्व्हर बंद केला. ज्यांनी गेम उतरवून घेतला होता त्यांचा बंद, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही बंद. चकचकीत चकती हातात, पण उपयोग काय? चहाचा कप ठेवायला!

खेळणारे मात्र गप्प बसले नाहीत. युरोपात त्यांनी सह्यांची मोहीम काढली. गेम विकणं बंद करा, चालेल, पण विकलेला गेम मारून टाकू नका, एवढीच मागणी. जुलै २०२५ मध्ये सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

२०२५ सालीच निन्टेन्डोचं नवं यंत्र आलं. त्याच्या काही गेमच्या डबीत कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो! असते ती फक्त किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत घालून ठेवायचं. कार्ड मित्राला देता येतं हे खरं, पण कंपनीने गेम द्यायचंच बंद केलं तर नुसत्या किल्लीने कोणतं कुलूप उघडणार?

म्हणजे बघा, वस्तू हातात धरता येते की नाही, यावर सगळं ठरत नाही. ती चालायला दुसऱ्या कोणाची तरी हजेरी लागते का, यावर ठरतं.

एकच प्रत असली तर?

बरं, हातात धरता येणाऱ्या आणि कोणाच्याही परवानगीवाचून चालणाऱ्या वस्तू तरी टिकतात का? आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. जुन्या फिल्मच्या रिळांत थोडी चांदी असायची. सिनेमा जुना झाला की रिळं चांदी काढायला विकून टाकत. काही आगीत गेली, काही दमट हवेत कुजली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालची, तोवर फार उशीर झाला होता. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळं गोळा केली, म्हणून निदान काही तरी वाचलं.

आता याच्या उलट गोष्ट. ब्रिटनच्या बीबीसी टेलिव्हिजनवर १९६३ साली 'डॉक्टर हू' नावाची मालिका सुरू झाली. पेटीसारख्या यंत्रात बसून काळात मागेपुढे फिरणाऱ्या एका अवलिया डॉक्टरची मालिका. तेव्हा टेप महाग असत. बीबीसीने जुन्या भागांवर दुसरं चित्रण करून टेप पुन्हा वापरल्या. हे आता कोण परत बघणार, असं त्यांना वाटलं! त्यात नव्वदहून जास्त भाग नाहीसे झाले. पण त्या काळी काही मुलं कार्यक्रम चालू असताना टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज मुद्रित करून घेत असत. त्या मुलांच्या टेपांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. चित्र नाही, पण आवाज आहे. आणि परदेशात दाखवायला पाठवलेल्या प्रतींपैकी नऊ भाग थेट आफ्रिकेत, नायजेरियात सापडले. ती बातमी २०१३ साली जाहीर झाली.

तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, पण अभंग लोकांना पाठ होते म्हणून ते बुडाले नाहीत, असं वारकरी सांगतात. टेपरेकॉर्डरवाल्या मुलांनी वेगळं काय केलं?

मग डिजिटल वाईट का?

अजिबात नाही! माझ्या शाळेला पुस्तकांचं दुकान जवळ नाही, तरी बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ करून फुकट उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झालं, तिथली पुस्तकं यंत्र वाचून दाखवतं. कागदाच्या पुस्तकाला हे कसं जमणार? अक्षर मोठं करून वाचणाऱ्या आजीलाही विचारा.

आणि काही डिजिटल पुस्तकं खरोखर आपली असतात. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपतो. म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' तुमची, माझी, सर्वांची झाली. तिची फाइल तुम्ही उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, मैत्रिणीला द्या, छापून काढा. कोणी येऊन ती पुसू शकणार नाही. काही दुकानं नवे गेम आणि गाणीसुद्धा अशी कुलूप न लावता विकतात. पैसे द्या, फाइल घ्या, कायमची ठेवा.

एक मात्र आताच सांगून ठेवते. "परवानगीच तर विकतात, मग मी फुकट चोरून उतरवतो," हा शहाणपणा कोणी करू नये. लिहिणाऱ्याने वर्ष वर्ष खपून लिहिलेलं असतं. दुकानदाराची पाटी खोटी निघाली, म्हणून पेरू तोडायला शेजाऱ्याच्या बागेत शिरायचं नसतं.

आता एक प्रयोग करून बघा. आमच्या वर्गाने केला होता. मोठ्यांना विचारून घरातला एक मोबाइल घ्या आणि त्याचं इंटरनेट बंद करा. आता त्यातली कोणती गाणी, पुस्तकं, गेम, चित्रफिती उघडतात? त्यांची नावं लिहा. मग त्यांतली प्रत्येक वस्तू घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर पाठवता येते का आणि तिथे उघडते का, ते तपासा. जी उघडते तिच्यापुढे बरोबरची खूण. पैसे देऊन घेतलेल्या किती वस्तूंपुढे खूण येते, ते बघून तुम्ही चकित व्हाल.

आमच्या वर्गात एका मुलीच्या कागदावर एकच खूण होती. तिच्या बाबांच्या मोबाइलमध्ये आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, अकरा मिनिटांच्या. आजी आता नाही. आणि त्या ओव्यांची प्रत जगात तेवढी एकच, तीही काच तडकलेल्या मोबाइलमध्ये! त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही ती शाळेच्या संगणकावर उतरवली, एक पेनड्राइव्हवर घेतली आणि तिच्या गावाकडच्या आत्यालाही पाठवली. आत्याचं लगेच उत्तर आलं, "अजून दोन ओव्या राहिल्यात, त्या मला येतात. म्हणून पाठवते."